पहिल्या भागात माईक नव्हता

— न्हाय न्हाय, विणकाम-बिणकाम आईनं घातलंय बायोडाटात, मला धड सुई धरता येत न्हाय. छंद विचारलात ना — गेम खेळायची मी. मोबाईलवर. व्हय, बंदुकीचाच, चौघांचा स्क्वॉड करून खेळतात तो — बसा की, खुर्ची पुसलेली हाय. किल्ला बघायचा असंल तर गच्चीच्या त्या कडंनं दिसतो, आधीची सगळी स्थळं इथंच उभी राहून बघून गेली. घाई न्हाय तशी. पण खाली नारळ-सुपारी आणून ठेवलीय, तुमी 'पसंत' म्हणलात की आजच सुपारी फोडायची, असं आपल्या दोघांच्या वडलांचं ठरलंय. मला विचारलंय का? न्हाय. तुमाला विचारतील आता, खाली गेल्यावर.

हां, तर गेम. त्याचा दुसरा भाग आलाय ना — तुमी खेळता? मधनंमधनं. बरं. मग कुठला चांगला, सांगा — दुसरा? सगळेच म्हणतात. दिसायला देखणाच हाय, पाऊस पडला तर बुटाला चिखल लागलेला दिसतो, बंदुका तर ढिगानं. पण मला पहिलाच बरा वाटायचा. का? — पहिल्यात गोळी लागली की माणूस एकदम मरत नसायचा, रांगायचा, आन दुसऱ्या कुणीतरी येऊन त्याला पट्टी बांधायची, तेवढा वेळ दोघंबी उघड्यावर. दुसऱ्यात काय, ज्याची त्यानं सुई टोचून घ्यायची आन उठायचं. कुणाची गरजच न्हाय कुणाला. आन पहिल्यात माईक नव्हता. चार बटणं — मदत, इकडं या, थांबा, आभार. बास. दोन वर्षं आमी चौघं एवढ्यावरच बोललो.

माझं नाव तिथं हरिबा. आजोबांचं. हसताय काय — आधी राजनंदिनीच टाकलं होतं की, पण पोरीचं नाव दिसलं की खेळ राहतो बाजूला, नंबर दे, फोटो दे. मग आजोबांचं टाकलं, ते काय आता भांडायला येणार न्हाईत. हरिबा झाले आन सुखी झाले बघा. स्क्वॉडचा लीडर मीच. कुठं उतरायचं, कधी पळायचं, मी सांगायचं आन तिघांनी ऐकायचं. घरात आज भाजी कुठली करू हेबी विचारून करते मी, आन तिथं तीन गडी माझ्या एका बटणावर थांबायचे. आवडायचं मला. लई आवडायचं.

त्यातला एक लई धांदरट. कायम सगळ्यांच्या म्होरं पळायचा आन पडायचा, मग मदत, मदत, मदत. किती वेळा उचलला त्याला — कधी कधी स्वतः मेले, पण त्याला उठवून मेले. मग बसायचा आभाराचं बटण दाबत, एकदा दाबून भागायचंच न्हाय त्याचं. येडं कुठलं. नाव होतं वाशीचा वाघ.

— का ओ, काय झालं? पाणी आणू?

मग दुसरा भाग आला, आमी चौघं संगंच गेलो त्यात. तिथं मोठ्या मॅचला माईक चालू केल्याबिगर आत घेत न्हाईत. मी म्हणलं असू दे, एवढ्या दिवसांची वळख हाय. बोलले. 'डावीकडनं या, छपरावर एक जण हाय.' एवढंच. मग वाघ बोलला — त्याचा आवाज मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला — 'आरं, ही तर बाई हाय. काढा हिला.' आन काढलं, मॅच अर्धी असतानाच. राग? आला असंल त्या दिवशी. आता काय बी वाटत न्हाय. गेम काढून टाकला, मोबाईलमधी तेवढीच जागा झाली. पहिला भाग तर कंपनीनं बंदच केलाय, उघडत बी न्हाय.

वाशीचं स्थळ म्हणल्यावर आलं होतं मनात. पण वाशीत पोरं काय कमी हाईत का, म्हणून सोडून दिलं. मग मगाशी मी ट्रे घेऊन आले, तुमी कप उचलला आन आईला म्हणालात, साखर जरा जास्त झाली — बसा, बसा. भांडत न्हाय मी. आन न्हाय-न्हाय कशाला म्हणताय, आता तर लईच तोच आवाज येतोय.

काय? — लग्नानंतर खेळा, माझी हरकत न्हाय? बरं. चांगलं मन हाय तुमचं.

मला वाटलं होतं, कधीतरी तो समोर आला तर रडू येईल, न्हायतर एक ठेवून तरी द्यावी वाटंल. काहीच वाटंना ओ. तुमी आपले कुलदीप, वाशीचे, शर्टाला नवी घडी पडलेली.

मला हे लगीन न्हाय करायचं. मी न्हाय म्हणलेलं खाली कुणी धरत न्हाय, पोरगी लाजती म्हणतात. तुमचं धरतील. तेवढं 'नापसंत' म्हणून सांगा — का ते कुणी विचारणार न्हाय तुमाला. जावा आता. आन जिन्याला कठडा न्हाय, भिंतीच्या कडंनं उतरा.