गरगरीत म्हणायला बंदी

अगो, शेजारच्या यशोदाकाकींचा एक शब्द मी बंद करायला गेले आणि मीच फसले. माझ्या बाळाला बघितलं की त्या म्हणायच्या, "काय गो, झील तुजो गरगरीत झालो!" भाकरी नुसती गोल असते, गरगरीत म्हणजे गोल आणि वर भरलेलं, शहाळ्यासारखं. मी लगेच बाळाला पदराआड घ्यायचे. शेवटी म्हटलं, "काकी, तो शब्द नको. दिष्ट लागतली."

दुसऱ्या दिवसापासून काकी मान हलवून म्हणू लागल्या, "सुकलो गो!"

रोज ऐकून मला तो खरंच सुकलेला दिसायला लागला. उचलला आणि दवाखान्यात नेला. नर्सबाईंनी वजन केलं नि हसल्या. "कुठे सुकलाय? चांगला गरगरीत आहे!"

घरी येऊन काकींवर उखडले, "सुकलो कशाक म्हणतास ओ?"

"दिष्ट लागा नये म्हणान! मगे तूच सांग, काय म्हणू?"

"कायच म्हणा नकात."

आता काकी येतात, बाळाचा मुका घेतात आणि गप्प निघून जातात. मी आपली दारात काळजी करत बसते, आज काकी काहीच कशा बोलल्या नाहीत?