मॅडमचा हिंगोटवरचा निबंध

अरे, आमच्या कॉलेजात कोणतं एआय घ्यायचं, ते कसं ठरलं माहितीये? दोन टूल ट्रायलवर आले होते. आमच्या हेड, देशमुख मॅडम, त्यांनी दोघांनाही एकच सांगितलं, "गौतमपुऱ्याच्या हिंगोट-युद्धावर माझा शोधनिबंध आहे, त्याचा सारांश दे." दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पेटती हिंगोट फळं एकमेकांवर फेकतात ना, ते युद्ध.

पहिल्यानं पानभर सारांश दिला, वर मॅडमची तारीफ. जोशी सर एकदम फिदा! "भिया, हेच घेऊन टाका."

दुसरं म्हणालं, "असा निबंध मला सापडला नाही."

"हे दुसरंच घ्या," मॅडम म्हणाल्या. "हिंगोटवर मी एक ओळसुद्धा लिहिलेली नाही."

सगळे हसले, मी सोडून. माझ्या इंटरव्ह्यूत मॅडमनी एका पुस्तकाबद्दल विचारलं होतं. "माफ करा, नावही ऐकलं नाही," म्हणालो, आणि नोकरी गेली समजून तोंड पाडून घरी आलो. तरी नेमणुकीची ऑर्डर आलीच.

मी हळूच विचारलं, "मॅडम, ते पुस्तक...?"

पोह्यांवर शेव घालत म्हणाल्या, "असतं, तर मीच आधी वाचलं नसतं का?"

भिया, लोक पुस्तकं लिहून पोट भरतात. माझं घर तर कुणीच न लिहिलेल्या पुस्तकावर चाललंय!