फुटकी घंटा

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. माईक जरा खाली घ्या, मी दादाएवढी उंच नाही.

मला बोलता येईल का ठाऊक नाही. तासभर झाला, मी तिथं खुर्चीत बसून तुमची भाषणं ऐकतेय. माझ्या आईबद्दल इतकं गोड बोलणारी इतकी माणसं चेन्नईच्या या पेरुंगुडीत आहेत, हे तिला जिवंतपणी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती इथं आठ महिने होती. तुमच्यातल्या किती जणांनी तिला नाव विचारलं? भामाबाई. नाव भामाबाई होतं. मघाशी एक साहेब तिला भीमाबाई म्हणाले आणि कुणीही त्यांना थांबवलं नाही.

आणि तो फोटो. बघा नीट. खांद्यावर जरीचा पदर दिसतोय ना? तिच्या खांद्यावर घोंगडं होतं. काळं, तिच्याच मेंढरांच्या लोकरीचं. कुणीतरी कॉम्प्युटरवर ते पुसून पदर चढवलाय. दादा, कुणी सांगितलं रे तुला, मेल्यावर आईची साडी बदलायची असते म्हणून?

मी शोभा, तिची पोरगी. माणदेशात राहते, अंगणवाडीत काम करते. भाषण येत नाही मला. जे घडलं ते सांगते.

आई धनगर. साठ-सत्तर मेंढरं होती तिची. बाप गेल्यावर एकटीनं राखली. त्यांची लोकर कातरली, त्यांच्यावर आम्ही दोघं शिकलो. दादा इंजिनियर झाला, तो या मेंढरांवर. सिरुसेरीच्या त्याच्या ऑफिसात हे कुणाला माहीत आहे का? नसेल. तो तिथं 'फार्मिंग फॅमिली' सांगतो.

तिचा गुडघा गेला. दादा म्हणाला, दोन महिने चेन्नईला आण, ऑपरेशन करू, मग परत पाठवतो. मीच तिला गाडीत बसवलं. ती गाडीतनं सांगत होती, म्होरकीला जप, तिला पुढं राहू दे, मागं ठेवली की रुसते. म्होरकी म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी मेंढी. तिच्या गळ्यात फुटकी घंटा होती. आवाज चिरका. नवी घेऊ म्हटलं तर आई म्हणायची, "नको. ही वाजली की अंधारातबी मला माझी मेंढरं कळत्यात."

ऑपरेशन झालं. दोन महिन्यांचे तीन झाले. ती रोज सकाळी अकराव्या मजल्याच्या बाल्कनीत उभी राहून समोरच्या पाणथळीकडं बघत हाळी द्यायची. मेंढरांना बोलवायची ती, लांबलचक. सवय होती, दुसरं काही नाही. तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं, सकाळी सहाला कुणीतरी ओरडतं, मुलांची झोप मोडते, कारवाई करा. दादानं बाल्कनीच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली खिशात. मघाशी कोण म्हणालं, भामाबाई फार शांत होत्या? त्या शांत नव्हत्या. त्यांना गप्प केलं.

एकदा दादा तिला समुद्र दाखवायला घेऊन गेला. तिनं विचारलं, हे पाणी मेंढरांना चालतं का? तो हसला, म्हणाला, खारं आहे आई. तिनं समुद्राकडं पाठ केली ती घरी येईपर्यंत. हे दादाच मला फोनवर हसत हसत सांगत होता.

आता माझं ऐका. मलाही सोडू नका.

त्याच महिन्यात दादाचा फोन आला. म्हणाला, आई आता परत यायची नाही, मेंढरं देऊन टाक, तिला सांगू नको, जिवाला लावून घेईल. मी कचरले. पण दिली. माझ्या हातानं एकेक गाडीत चढवली. म्होरकीच्या गळ्यातली घंटा तेवढी काढून घेतली आणि घरात खुंटीला लावली.

आणि मग आई म्हणाली, शोभे, हाळी देता येत नाही, निदान मला मेंढरं ऐकव. फोन त्यांच्याजवळ धर.

मी काय केलं असेल? शेजारच्या वस्तीवर दुसऱ्याचा कळप बसला होता. तिथं गेले आणि फोन धरला. धनगराच्या पोटची मी, आणि धनगरणीला परका कळप ऐकवला. आई बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरी हायेत. ठेव." त्यानंतर तिनं मेंढरांबद्दल एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, चला, सुटले.

खालच्या मजल्यावरच्या या राधाबाई. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी आणि आईचं मराठी, दोघींना एकमेकींचं निम्मंच कळायचं, तरी रोज दुपारी आई त्यांच्याकडं जाऊन बसायची. या इमारतीत तिचं तेवढं एकच माणूस. काल त्यांनी मला सांगितलं. मी फोन धरला त्या दिवशी आई त्यांच्याकडं येऊन म्हणाली होती, "माझी मेंढरं गेली. घंटा वाजली न्हाई." मग हेही म्हणाली, पोरीला बोलू नका, तिला लाज वाटंल.

लाज मला वाटायला नको म्हणून ती पाच महिने गप्प बसली.

मागच्या मंगळवारी जेवून सोफ्यावर बसली आणि बसल्या बसल्या गेली. राधाबाईंना आदल्याच दिवशी म्हणाली होती, मला माळावर ने म्हणून पोरीला सांगा. मला सांगायला त्यांच्याकडं माझा नंबर नव्हता. दादा, तुझ्याकडं होता.

आणि आता हा उद्या सकाळी तिच्या अस्थी समुद्रात सोडणार आहे. भटजी ठरलाय, गाडी ठरलीय. खारं पाणी रे दादा. तिनं पाठ फिरवली होती ना?

अस्थी मी नेणार. माळावर, जिथं मेंढरं बसायची तिथं. तू आडवा येऊ नकोस. इतक्या माणसांसमोर सांगते म्हणजे नंतर माझ्यावर ओरडता येणार नाही. तुला यायचं असेल तर ये, मेंढरं कुणी दिली ते तिला दोघं मिळून सांगू. एकटीनं सांगायचं धाडस माझ्यातही नाही.

बसा, बसा, उभं राहू नका. दोन मिनिटं शांतता म्हणाला होतात ना? ती तुम्ही तिच्याकडून आधीच घेतलीत. माझ्या पिशवीत ती फुटकी घंटा आहे. मी एकदा वाजवणार आहे. आवाज मोठा आहे, मुलांची झोप मोडली तर ग्रुपवर लिहा.

ती वाजून थांबली की मग शांत राहा.

आई, ही ऐक. ही आपलीच आहे.