गंगीच्या बाटलीतले पाणी

यवतमाळ, सन १९६२

नाव रत्नप्रभा नीळकंठ डबीर, वय २८ वर्षे, धंदा कॉलेजच्या रसायनशाळेत प्रात्यक्षिके शिकवणे, राहणार यवतमाळ. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

नेरजवळच्या तांड्यावर उत्तमसिंगचा बैल मेला. शेजारच्या खेमसिंगने भांडणाच्या रागात विहिरीत मिठाची गोण ओतली आणि ते पाणी पिऊन बैल मेला, असा उत्तमसिंगचा आरोप. तांड्याचे नाईक हरिसिंग यांनी पाणी तपासून आणायचे ठरवले. खेमसिंगची आई गंगी स्वतःच बाटली भरून माझ्याकडे आली. आपला मुलगा तसा नाही हे पाणीच सांगेल, अशी तिची खात्री होती.

पाण्यात मीठ किती हे पाहताना त्यात थोडे पिवळे रसायन घालतात आणि वरच्या काचनळीतून चांदीच्या क्षाराचे द्रावण थेंबथेंब सोडतात. मीठ आहे तोवर पांढुरके ढग उठत राहतात, ते संपले की सगळे तांबूस होते. त्या रंगाची वाट पाहताना मला जगाचा विसर पडतो. हे लिहू का, असे हवालदार विठ्ठलरावांनी विचारले. लिहा म्हटले.

त्या दुपारी तांबूस रंग येता येईना. नळी रिकामी झाली, पुन्हा भरली, तरी ढगांवर ढग. पाण्यात आभाळ उतरले का, असे गंगीने स्टुलावरून विचारले. मीही क्षणभर ते आभाळच पाहत होते. मग त्याचा अर्थ ध्यानात आला: पाण्यात मीठ भरपूर होते.

निघाला तो आकडा मी दिला. त्यावरून खेमसिंगला अटक झाली.

पुढे पोलिसांची सीलबंद बाटली आली. तीही त्याच विहिरीची, गंगीने आपली बाटली भरली त्याच सकाळी पंचांसमक्ष भरलेली. तिच्यात पहिल्या काही थेंबांतच रंग आला. पाणी गोडे होते.

बाटली कशी भरली, असे मी गंगीला सहज विचारले. ती म्हणाली, "भरल्यावर दोन चिमटी मीठ टाकलं ना बाई. आमच्या तांड्यात शपथ घेताना लोट्यात मीठ टाकतेत. त्याबिगर पानी खरं कसं बोलन?"

सबब विहिरीत मीठ नव्हते. खेमसिंगला सोडावे. ते मीठ आईच्याच हातचे होते, हे मात्र तिला कळू देऊ नये. आपल्या पाण्याने मुलगा सुटतो आहे, असे ती धरून बसली आहे.

जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम बरोबर आहे. गंगी बाहेर ओट्यावर बसलेली असल्याने माझ्या विनंतीवरून तो हळू आवाजात वाचला.