ढिल्लं स्टेअरिंग

आमच्या बाबाइनं सारी जिंदगी जुनं ट्रॅक्टर चालवलं, कार आत्ता दोन सालाआधी घेतली. परवा ती घेऊन मी धाडच्या बाजारात गेलो. वळनावर स्टेअरिंग हालेच ना. जोर लावला तं गाडी कन्हाले लागली. एका बैलगाडीले टेकता टेकता राह्यलो.

मेकॅनिक म्हने, "पावर स्टेअरिंगचं तेल गळून गेलं, लय दिवसांचं. घरी कोनाले समजलं काऊन नाही?"

त्यानं नळी बदलली, तेल भरलं. स्टेअरिंग एका बोटानं फिराले लागलं.

घरी येऊन म्हनलं, "बाबा, आता चालवून पाहा."

बाबा चक्कर मारून आले अन् चाबी माह्यापुढं आपटली.

"कोनाच्या हाती देली होती बे गाडी? नवी होती तवा असंच ढिल्लं होतं. चालवून चालवून मी टाइट केलं होतं!"