ड्रायव्हरची कंबर आणि माझे हात

—नाही नाही, मान वर उचलू नका, तोंड टेबलाच्या त्या भोकातच राहू दे, बोलायचं मी बघते. इथे दुखतंय ना? कळलं मला, पायाची बोटं आखडलीत तुमची. आणि मघाशी काय म्हणालात—"व्यायाम नको, नुसता हात फिरवा"? अहो, हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत! एक बस ड्रायव्हर यायचे माझ्याकडे, तेही अगदी हेच म्हणायचे. अकरा वर्षं कंबर धरलेली. धरलेली म्हणजे कशी? सीटवरून उतरताना आधी एक पाय, मग एक शिवी, मग दुसरा पाय. बुटाची नाडी मुलगी बांधायची—चांगली नोकरी करणारी, घोडनवरी झालेली मुलगी बापाच्या पायाशी बसलीय आणि बाप छताकडे बघतोय. वाकलं की मणका निसटेल, असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं. निसटायला तो काय साबण आहे? त्यात डेपोच्या साहेबांनी बजावलेलं—चार महिन्यांत बरे झालात तर गाडी, नाहीतर तिकिटाच्या खिडकीत बसा. आणि गाडी म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण.

मग मी काय केलं? हेच, आत्ता तुम्हाला करतेय ते. दाबणं, ताणणं, सांधे हलवणं. माझा हात चांगला आहे हो—मी नाही म्हणत, लोक म्हणतात. उठले की हात जोडायचे, "बाई, जादू आहे तुमच्या हातात!" दोन दिवस पिसासारखे हलके, तिसऱ्या दिवशी परत दारात. का? कारण हातानं कंबर मोकळी होते, पण मोकळी राहायला तिला रोज हलवावं लागतं, हळूहळू बळकट करावं लागतं. हे मला ठाऊक नव्हतं? होतं की! फिजिओथेरपी शिकलेय मी. पण व्यायामाचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडायचा, आणि त्यांनी जादूचं नाव काढलं की माझा खुलायचा. घरी कोण जादू म्हणतंय? आमच्या ह्यांना तर भाजी कशी झालीय हेही तीनदा विचारावं लागतं, तेव्हा कुठे "हं" येतं—जाऊ दे ते. श्वास सोडा. सगळा सोडा.

असे सात आठवडे गेले, आणि मग काय झालं सांगू? हसू नका हं, टेबल हलतं. ओल्या चादरींची बादली उचलायला गेले आणि माझीच कंबर धरली! पाच आठवडे घरी. दवाखाना कुणी बघितला? थोरल्या नणंदेनं. वन्संही हेच शिकलेल्या, पण हात खरखरीत आणि बोलणं त्याहून. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरना दहा मिनिटं दाबलं आणि सरळ जमिनीवर उतरवलं. ड्रायव्हर म्हणाले, "दुखतंय." त्या म्हणाल्या, "दुखू दे थोडं, मोडत नाहीये काही." आधी गुडघे पोटाशी, मग खुर्चीवरून उठबस, मग वाकून रिकामी पिशवी उचलायची—पुढच्या आठवड्यात तिच्यात दोन पुस्तकं, मग चार. घरी मुलगी शेजारी बसून करून घ्यायची म्हणे, रोज, न चुकता. मी परत आले तर यादीत त्यांचं नावच नाही. विचारलं, तर वन्सं म्हणतात, "बरे झाले"—दूध आलं म्हणावं तशा सुरात!

मला आनंद व्हायला हवा होता ना? कसला आनंद, चार दिवस तोंड फुगवून बसले मी. मग एकदा शेवटच्या थांब्यावर उभी होते तर समोर बस थांबली—आणि सीटवर कोण? हेच ड्रायव्हर! टुणकन उतरले, भर रांगेत बुटाची नाडी सोडली, वाकले, पुन्हा बांधली. मुद्दाम, मला दाखवायला. वर म्हणाले काय, "त्या दुसऱ्या बाईंना माझा नमस्कार सांगा." दुसऱ्या बाईंना! सांगितला का मी? नाही सांगितला. वर्ष झालं, अजून नाही सांगितला.

बसमध्ये चढले आणि डोळे भरून आले, आता का ते विचारू नका. पहिल्या आठवड्यातच त्यांना जमिनीवर उतरवता आलं असतं हो मला. सात आठवडे तो माणूस खिडकीच्या भीतीनं झुरत होता, ती पोरगी रोज सकाळी पायाशी बसत होती, आणि मी माझ्या कौतुकासाठी त्याला ह्या टेबलावर पालथं घालून ठेवलं. हे मी कुणाला म्हणजे कुणाला बोलले नव्हते. तुमच्यापाशी कसं निघालं कोण जाणे—तोंड दिसत नाही माणसाचं, म्हणून असेल.

चला, उठा. एकदम नको, कुशीवर वळून. बसा. आता खाली सतरंजीवर. हो, जमिनीवरच, मोडत नाहीये काही. काय? मी? मी करते का रोज?

तुम्ही पेशंट लोक फार बोलता बुवा. सरका जरा तिकडे, मलाही जागा द्या. गुडघे पोटाशी. आणि मोजा. मनातल्या मनात.