हुकूम नको म्हणणारे

पांढुर्ण्याच्या स्टँडवर नागपूरची बस सुटायला आली होती. गोटमारीच्या जत्रेतल्या दगडफेकीत फुटलेल्या यशवंतरावांच्या डोक्यावर एवढी पट्टी, की टोपीचा मुक्काम खिशात. नोकरीला निघालेल्या लेकीची, हिमानीची पिशवी त्यांनी घट्ट धरलेली. शेजारी साडू गजेंद्र.

“गोटमार थांबवणारं सरकार कोण? डोकं माह्यं, फुटलं तं माह्यं!”

“मंग मलेही जाऊ द्या, बाबा.”

“नाही. मी सांगून राहिलो, घरी चाल.”

“आत्ताच तं म्हणत होते, कोणाचा हुकूम नको.”

“माह्यावर नको म्हटलं!”

“मावसाजी, तुम्ही तरी समजावा बाबाले.”

“मी कोणालेच काही सांगत नसतो, पोरी. ज्याचं त्यानं पाहावं.”

“बाबा, पिशवी सोडा. कंडक्टर घंटी देऊन राहिला.”

“नाही सोडत!”

“ठेवा मंग तुमच्यापाशी. मी चालली.”